टिटवीचे दोन रन

गेल्या आठवड्यात एका सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खाडीच्या बाजूनं ती ओरडली. टिटीव, टिटीव, टिटीव-टी. कुकरच्या शिट्ट्या, खालच्या पंपाची घरघर, शेजारच्यांचा टीव्ही, या सगळ्यांतून वाट काढत तो आवाज नवव्या मजल्यावर बरोबर माझ्या कानाशी येतो. मी गॅस बारीक केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"झालं," आमचे हे पेपराआडून म्हणाले, "सकाळी सकाळी अपशकुन."

"अपशकुन कसला डोंबलाचा! चैत्र लागला."

रबाळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनींच्या खडखडाटात काढलेला हा माणूस, पण टिटवी ओरडली की अजून दचकतो. मी चहा त्यांच्यापुढे ठेवला, बूट घातले आणि निघाले. लिफ्टमध्येच माझ्या मनाला एक घोर लागला होता. यंदा ती अंडी घालणार कुठे? मैदानाच्या कोपऱ्यातली तिची खडी दिवाळीनंतर कुणीतरी उचलून नेली आणि तिथं गाड्या लावायला सिमेंटचे गुळगुळीत ब्लॉक बसवले. टिटवीला गुळगुळीत चालत नाही. तिला खडे लागतात, स्वतःच्या अंड्यांसारखे दिसणारे खडे.

आमच्या घणसोलीत चैत्र नाकाला आधी कळतो. खाडीकाठच्या तिवरांना बारीक पिवळी फुलं लागतात आणि चिखलाच्या उग्र वासात मधाचा वास मिसळतो. पहिल्यांदा आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो, मी मात्र दोन पावलं पुढे जाऊन श्वास भरून घेते. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या, ते चिखलातले मासे, शेपटीवर उभं राहिल्यासारख्या उड्या मारतात. बगळ्यांना पाठीवर झालरीची पिसं फुटतात, लग्नसराई त्यांचीही सुरू होते. विलायती चिंचेचे गुलाबी आकडे रस्त्यावर पडतात आणि मी, साठी उलटलेली बाई, इकडेतिकडे बघून ते उचलते. नाक्यावर गावातल्या बायका पाट्यांत ताडगोळे घेऊन बसतात, एपीएमसीकडून कलिंगडांचे टेम्पो येतात, आणि दुपारभर कुठल्या तरी झाडात तांबट पक्षी टुक-टुक-टुक करत ऊन मोजत बसतो.

आणि हो, फ्लेमिंगो असतात. त्यांच्यासाठी माणसं हातभर लांब लेन्सा घेऊन गाड्यांतून येतात. गुलाबी रंग दिसला की "वॉव" म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, पाहुण्यांचं कौतुक करावंच. पण घरची म्हणून कुणी असते की नाही? टिटवी घरची. काळं डोकं, पिवळ्या काड्यांचे पाय, डोळ्यांपुढे लाल कातडीचा तुकडा आणि आवाज असा की सोसायटीची मीटिंग गप्प बसावी. मला ती आवडते, कारण तिला कुणाचीच भीड नाही.

आमच्या परभणीकडच्या गावी माझे वडील शेतात टिटवीची अंडी शोधायचे. उंचवट्यावर घातली तर पाऊस दणक्यात, खोलगटात घातली तर कोरडं साल. किती अंड्यांची टोकं खाली आहेत ते मोजून पावसाचे महिने सांगायचे. मी पुढे जीवशास्त्र शिकवणारी मास्तरीण झाले आणि या सगळ्याला हसायला शिकले. तरी आजही घरटं दिसलं की आधी टोकं मोजते. सवयीला डिग्री लागत नाही.

चार उन्हाळ्यांपूर्वी मी रिटायर झाले, तो चैत्र मला इतका लख्ख आठवतो की वाटतं अजून चालूच आहे. पहिल्यांदाच सकाळ माझ्या मालकीची होती. शेवटचा टॉवर आणि खारफुटी यांच्या मधलं भरावाचं मोठं मैदान मी रोज पालथं घालायचे. तिथंच, खाडीकडच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कामाची उरलेली खडी पसरली होती. एका सकाळी ती बया माझ्या डोक्यावरून अशी सूं करून गेली की माझा चष्मा पडला. चष्मा उचलायला वाकले आणि बोटांपासून वीतभर अंतरावर अंडी दिसली. चार. मातकट, काळे ठिपके असलेली, टोकं आत करून मांडलेली. आधीच्या पावलाला मी अर्धा फूट डावीकडे असते तर चटणी झाली असती.

घरी आले ती हवेत. यांना सांगितलं, मुलीला फोन केला, ग्रुपवर टाकलं. मग दहाच्या सुमाराला उन्हाकडे बघितलं आणि माझा जीव कासावीस झाला. एवढ्या उन्हात, उघड्या खडीवर, कोवळी अंडी! मी यांची काळी मोठी छत्री उचलली, प्लास्टिकचा वाडगा भरून पाणी घेतलं आणि तरातरा निघाले. विटा रचून छत्री घट्ट उभी केली, अंड्यांवर छान सावली पाडली, शेजारी पाणी ठेवलं. टिटवी माझ्या भोवती घिरट्या घालून बोंबलत होती. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, तुझ्यासाठीच करतेय." आणि जरा लांब जाऊन, स्वतःवर भलतीच खूश होऊन, उभी राहिले.

ती काही येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. छत्रीपासून वीस पावलांवर ती या पायावरून त्या पायावर नाचत नुसती ओरडत होती. तेवढ्यात एक मोटारसायकल धुरळा उडवत आली. हरेश. घणसोली गावातलाच, रेती-सिमेंटच्या दुकानाचा मालक, गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे मला मॅडम म्हणायचा.

"मॅडम, ही छत्री तुमची काय?"

"हो. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून."

"काडा ती पयली! भुताला बगितल्यासारखी लांब उबी हाय ती. बसत नाय तवर अंडी शिजतील ना."

त्यानंच छत्री उपटली, वाडगा उचलला, आणि मला मैदानाच्या कडेच्या एका जुन्या टायरवर बसवलं. "गप बसा आता. बगा नुसतं."

मी बसले. टिटवी आधी अंड्यांवर गेली, पंख जरा फुलवून नुसती उभी राहिली, तिच्या अंगाची सावली पडली. थोड्या वेळानं दुसरी आली, नर असावा, आणि ही उठून खाडीकडच्या डबक्यात गेली. तिथं ती खाली बसली, अंग हलवून हलवून पोटाची पिसं भिजवली. मग परत. पण सरळ नाही, चार पावलं धावायची, थांबायची, मान वर करायची, पुन्हा चार पावलं. आली आणि ओलं पोट अंड्यांवर टेकून बसली.

"पोट भिजवून आयली," हरेश म्हणाला. "दिसातून धा-बारा येला करतंय. तुमी शालेन काय शिकवता मग?"

एकतीस वर्षं मी पक्षी शिकवले होते. चोचींचे प्रकार, पायांचे प्रकार, आकृती काढा व नावे द्या. आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, खरंच वाटली. पण लाजेच्या मागोमाग असा काही आनंद झाला की मी त्या धुळकट टायरवर बसून मोठ्यानं हसले. हरेशला वाटलं, बाईला ऊन लागलं.

तिथून मला बघायला यायला लागलं असं म्हटलं तरी चालेल. म्हैस घरट्याच्या अंगावर आली की टिटवी पळत नाही, पंख पसरून तिच्या नाकासमोर उभी राहते, आणि एवढी मोठी म्हैस वळून जाते. कुत्रा आला की लांब जाऊन खोटंच बसते, अंडी इथंच असल्याचं नाटक करते. यांनाही एकदा ओढून नेलं. ते म्हणाले, "बाई धीट आहे," आणि माझ्याकडे बघितलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पण टिटवीचा हिशेब आणि गावाचा हिशेब जुळत नव्हता. गावची जत्रा झाली की पुढच्या शनिवार-रविवारी या मैदानावर टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने असतात. खाडीकाठच्या सगळ्या गावांच्या टीम येतात, मंडप पडतो, माईक लागतो. मैदानावर रोलर फिरतो. आणि खडीचा कोपरा बरोबर सीमारेषेच्या आत. पिल्लं बाहेर पडायला जेमतेम महिना लागतो, ते दिवस सामन्यांच्या आसपासच भरत होते. एक जोरकस फटका, एक धावता फिल्डर, की संपलं.

सामन्यांच्या आधी सगळ्या कॅप्टनांची मीटिंग मंडपात भरली, तेव्हा मी मुद्दाम कडेला जाऊन बसले. कुणीतरी म्हणालं, अंडी उचलून बाजूला ठेवा, त्यात काय. मी उठून वर्गातल्या आवाजात सांगितलं, उचललीत तर ती पुन्हा बसेलच याची खात्री नाही. दुसरा म्हणाला, टिटवीच्या नावानं गावजेवण घाला आता. हशा झाला. हरेश हसला नाही. तो उठला, फक्कीची पिशवी घेतली, कोपऱ्यात गेला आणि घरट्याभोवती दहा पावलांचा चुन्याचा पांढरा गोल मारून आला.

"हे तिचं घर," तो म्हणाला. "बॉल आत गेला का दोन रन डिक्लेर. फिल्डरनं आत पाय टाकाचा नाय. बॉल पंच काडंल, सावकाश. ज्याला जमत नाय त्यानं घरी बसाचं."

"आनि तुजा चौका आत गेला तं?"

"तरी दोनच."

नंतर टायरवर बसून मी त्याला विचारलं, तुला एवढं काय पडलंय रे तिचं? तो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे मैदान आमच्या आज्याचं शेत व्हतं. भाताचं. बांदावर ही असायचीच. शहर झालं तवा आमाला नोटीस आयली, आमी उटलो. हिला कुनी नोटीस दिली नाय. म्हनून ती अजून येतंय." आणि स्वतःच्याच बोलण्याला हसला.

हरेशची ती कॅप्टन म्हणून शेवटची खेप होती. गुडघा गेला होता, डॉक्टरनं बजावलं होतं. स्वतःच्या मैदानावर त्याची टीम कधी जिंकली नव्हती. दरवर्षी कप दुसऱ्या गावाला जायचा आणि मंडप सोडायचं काम हरेशच्या पोरांकडे राहायचं. त्याला तो कप हवा होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही.

शनिवारचा दिवस गंमतीत गेला. चेंडू गोलात गेला की टिटवी पंचाच्या टोपीवर झेपावायची, माईकवरचा माणूस म्हणायचा, "पंचांना टिटवीबाईंनी नोटीस दिली हाय!" आणि पोरं लोळायची. रविवारी पहाटे मी नेहमीसारखी गेले. गोल रिकामा होता. कवचाचा एकच तुकडा खडीत पडला होता. मग खारफुटीच्या कडेच्या गवतात ती दिसली, आणि तिच्याभोवती चार गोळे, चिखलाच्या रंगाचे, लांबच लांब पायांचे. जन्मून काही तास झाले नसतील तोवर चालायला लागली होती ती. मी तिथंच उभी राहून रडले. मग डोळे पुसले आणि घरी आले. कुणाला सांगितलं नाही. हरेश मैदानाच्या पलीकडे रोलरमागे होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मला ते एक दिवस माझ्याशीच ठेवावंसं वाटलं. एवढाच माझा लोभ.

त्या लोभाची किंमत संध्याकाळी पाचला कळली. फायनल. शेवटचा चेंडू, जिंकायला चार हवे, समोर हरेश, गुडघ्याला पट्टा. चेंडू आला आणि त्यानं तो असा कडकडून मारला की फिल्डर जागचा हललाच नाही. जमिनीलगत, सरळ, खाडीच्या कोपऱ्याकडे. सगळा मंडप उभा राहिला. आणि माझ्या लक्षात आलं, चेंडू कुठं चाललाय ते.

"चाललाय, चाललाय सीमारेषेकडं," माईक ओरडत होता, "आनि... टिटवीच्या घरान! मंडळी, टिटवीच्या घरान! दोन रन. दोनच रन."

चेंडू गोलातून पार होऊन दोरीला लागला होता. पंचानं दोन बोटं वर केली. एका रननं गेला कप. हरेश पिचवर उभा राहून गोलाकडे बघत होता. मग त्यानं बॅट काखेत मारली, लंगडत जाऊन समोरच्या कॅप्टनला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू.

मला राहवेना. गर्दी पांगल्यावर मी त्याला गाठलं. "हरेश, अरे त्या गोलात काहीच नव्हतं. पिल्लं पहाटेच गेली. मला माहीत होतं. मी सांगायला हवं होतं रे."

तो पट्टा सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मना ठाव हाय मॅडम. रोलरच्या वाटेवर एक पिलू आडवं बसलेलं, मीच गवतान सोडलं त्याला."

"मग पुसायची ना फक्की!"

"फायनलच्या सकाली? समोरचे काय बोलले असते? हरेशनं आपल्या चौक्यासाटी घर मोडलं." त्यानं पट्ट्याची नीट घडी केली. "आनि पिलां गेली म्हनून काय झालं. पुडल्या सालाला येल ती परत. तिचंच घर हाय ते."

मी शाळेत भिंतीवर "नियम पाळा" अशा पाट्या कितीदा रंगवून घेतल्या असतील, देव जाणे. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि यांच्यासाठी चहा टाकायचा विसरून बाल्कनीत बसून राहिले.

त्यानंतर दरवर्षी ती त्याच खडीत आली. आता नियमांच्या बॅनरवर छापलेलंच असतं, सगळ्यात खाली: टिटवीचे घर, दोन रन. पलीकडच्या एका गावानं म्हणे त्यांच्या मैदानावर कुत्रीच्या पिल्लांसाठीही गोल मारला. हरेश आता खेळत नाही, पंच असतो, गोलातला चेंडू काढायला सावकाश जातो आणि टिटवीचे तडाखे निमूट खातो. कप अजून आलेला नाही. येईल, न यायला काय झालं.

म्हणून यंदाची काळजी. त्या दिवशी गेले, सिमेंटच्या ब्लॉकांवर ती दोघं नुसती उभी होती, सामान हलवून झालं आणि खोलीच मिळाली नाही असं कुटुंब उभं राहावं तशी. नंतर चार दिवस रोज गेले, दिसलीच नाहीत. काल रात्री मी यांना म्हटलं, गेली बहुतेक. यांनी माझी पाठ थोपटली.

आज सकाळी ओहोटी होती. खाडीकाठानं पूर्ण फेरी मारली. चिखलात तुतवार घाईघाईनं चोची मारत होते, त्यांना उत्तरेला लांब जायचंय. तिवरांचा वास दाटला होता. मी मुद्दाम मैदानाकडे बघत नव्हते. आणि एकदम डोक्यावरून सूं. मी खाली बसले, चष्मा हातानं धरून. ती दोन घिरट्या घालून किंचाळली आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर जाऊन उतरली.

सामने तीन आठवड्यांवर आलेत. पिचसाठी यंदा नवा मुरूम आणून टाकलाय, छान बारीक खडे असलेला. त्या मुरमात, स्टंप जिथं लागतात तिथून चार हातांवर, गोलंदाज जिथून धावत येतो बरोबर तिथं, तीन अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत. इथं फक्कीचा गोल मारून भागणार नव्हतं. इथं दोन रनांचा प्रश्नच नव्हता, इथं सामनाच नव्हता.

मी लांब टायरवर जाऊन बसले. तो टायर अजून आहे. आणि हरेशला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला.

"किती हायेत?" त्यानं विचारलं.

"तीन."

"चौथं उद्या-परवा घालंल. पोरांना बोलवतो. पिच खाडीच्या बाजूला सरकवू, आडवं करू. मुरूम नवा टाकाय लागंल. चालतंय."

मी "हं" म्हटलं.

"आनि मॅडम," तो म्हणाला, "तुमी तितंच हाव ना? छत्री उगडू नका."